नंबर ९६ (दूरचित्रवाणी मालिका)

नंबर ९६ ही ऑस्ट्रेलियातील एक प्रौढांसाठीची दूरचित्रवाणी मालिका होती. सिडनी शहरातील एका चार मजली इमारतीत राहणाऱ्या शेजाऱ्यांचे जीवन हा तिचा विषय होता. १३ मार्च १९७२ रोजी ०-१० नेटवर्क या वाहिनीसमूहावर तिचे प्रक्षेपण सुरू झाले आणि ११ ऑगस्ट १९७७ रोजी ते थांबले. या काळात मालिकेचे एकूण १,२१८ भाग प्रसारित झाले.

नग्नतेची दृश्ये, विवाहबाह्य संबंध, बलात्कार, खून, अमली पदार्थ अशा विषयांमुळे मालिका आरंभापासून वादग्रस्त ठरली. एका समलिंगी वकिलाला प्रमुख, सन्माननीय आणि सर्वांना हवाहवासा वाटणारा शेजारी म्हणून दाखवणारी ही जगातील अगदी सुरुवातीच्या मालिकांपैकी एक होती. ती प्रसारित होत असताना न्यू साउथ वेल्स राज्यात पुरुषांमधील समलिंगी संबंध हा कायद्याने गुन्हा होता. तात्कालिक गाजावाजा नग्नतेचा झाला असला, तरी मालिकेचे टिकाऊ महत्त्व समाजाने दूर ठेवलेल्या माणसांच्या या चित्रणात मानले जाते.

थोडक्यात माहिती

प्रकार: दैनंदिन कौटुंबिक नाट्य (सोप ऑपेरा)
संकल्पना: डेव्हिड सेल
निर्मितीसंस्था: कॅश हार्मन प्रॉडक्शन्स
वाहिनी: ०-१० नेटवर्क
देश: ऑस्ट्रेलिया
भाषा: इंग्रजी
भागांची संख्या: १,२१८
प्रसारणाचा काळ: १३ मार्च १९७२ ते ११ ऑगस्ट १९७७

पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात दूरचित्रवाणीचे नियमित प्रसारण १९५६ मध्ये सुरू झाले. पहिल्या दशकात पडद्यावर अमेरिकन आणि ब्रिटिश कार्यक्रमांचेच वर्चस्व होते. परदेशी मालिका विकत घेणे हे स्वतःची मालिका निर्माण करण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडत असे. १९५८ मध्ये सुरू झालेली 'ऑटम अफेअर' ही देशातील पहिली दैनंदिन मालिका मानली जाते. १९६४ मधील 'होमिसाइड' या पोलीस तपासाच्या मालिकेने स्थानिक नाट्याला प्रेक्षक मिळतो हे दाखवून दिले. १९६७ मध्ये सार्वजनिक प्रसारण संस्थेने 'बेलबर्ड' ही ग्रामीण जीवनावरील मालिका सुरू केली. तिचा वर्ग निष्ठावान होता. परंतु मालिकेचा स्वभाव सौम्य आणि घरगुती होता.

०-१० नेटवर्क हा देशातील तिसरा आणि सर्वांत नवा व्यापारी वाहिनीसमूह होता. त्याचे मेलबर्न येथील केंद्र १९६४ मध्ये, तर सिडनी येथील केंद्र १९६५ मध्ये सुरू झाले. सेव्हन आणि नाइन या आधीपासून स्थिरावलेल्या समूहांपुढे त्याचा निभाव लागत नव्हता आणि १९७० च्या दशकाच्या आरंभी त्याची आर्थिक अवस्था बिकट झाली होती. ज्याच्यापाशी गमावण्यासारखे फारसे काही उरले नव्हते अशा या समूहानेच पुढे एवढे मोठे धाडस केले, ही बाब मालिकेच्या जन्मकथेत महत्त्वाची आहे.

याच सुमारास ऑस्ट्रेलियातील सामाजिक वातावरणही बदलत होते. तोपर्यंत पुस्तके व चित्रपट यांवर कडक नियंत्रण ठेवणाऱ्या या देशात नोव्हेंबर १९७१ मध्ये केवळ प्रौढांसाठीच्या चित्रपटांचा 'आर' हा वर्ग लागू झाला. डिसेंबर १९७२ मध्ये गॉफ व्हिटलम यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्ष तेवीस वर्षांनंतर सत्तेवर आला. युद्धोत्तर काळात युरोपातून आलेल्या स्थलांतरितांमुळे शहरांचा चेहरामोहरा बदलला होता. स्त्रीमुक्तीची आणि समलिंगी व्यक्तींच्या हक्कांची चळवळ उघडपणे बोलू लागली होती. मालिका या बदलाच्या ऐन मध्यावर अवतरली.

संकल्पना आणि निर्मिती

मालिकेची मूळ कल्पना डेव्हिड सेल यांची होती. त्यापूर्वी ते 'द मेव्हिस ब्रॅमस्टन शो' या गाजलेल्या विडंबनपर कार्यक्रमाशी संबंधित होते. निर्मिती डॉन कॅश आणि बिल हार्मन यांच्या संस्थेने केली. त्यांपैकी हार्मन हे मूळचे अमेरिकन होते. ब्रिटनमध्ये १९६० पासून एकाच गल्लीतील रहिवाशांची कथा सांगणारी 'कोरोनेशन स्ट्रीट' ही मालिका लोकप्रिय होती. शेजाराच्या त्या कल्पनेला सेल यांनी महानगरातील सदनिकांच्या इमारतीत आणले आणि तिला प्रौढ विषयांची जोड दिली.

इमारतीच्या निवडीमागे व्यावहारिक आणि कथात्मक अशी दोन्ही कारणे होती. थोड्या ठरावीक खोल्यांचे देखावे स्टुडिओत उभे केले, की चित्रीकरणाचा बराचसा भाग तेथेच उरकत असे. शिवाय ज्यांचा एरवी एकमेकांशी संबंध येण्याचे कारण नाही अशी वेगवेगळ्या वयांची, वर्गांची आणि वंशांची माणसे एका जिन्यावर आणि एका दुकानात रोज समोरासमोर येऊ शकत. भाडेकरू बदलला की नवे पात्र आणण्यास वेगळे निमित्त शोधावे लागत नसे.

आरंभी अर्ध्या तासाचा एक भाग, याप्रमाणे आठवड्यातून पाच रात्री मालिका प्रसारित होई. दर आठवड्याला अडीच तासांचे नाट्य लिहून, बसवून आणि चित्रित करून देणे हा त्या काळच्या ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीला नवा अनुभव होता. वेळ आणि पैसा यांची टंचाई पडद्यावर दिसून येई. देखाव्याच्या भिंती हलणे किंवा नटांचे संवाद अडखळणे असे प्रकार अंतिम भागातही राहून जात. तरीही संवादांची चुरचुरीत धाटणी, विनोद आणि करुण प्रसंग यांची सरमिसळ आणि दररोजच्या भागाच्या अखेरीस ठेवलेली उत्कंठा यांमुळे प्रेक्षक या उणिवांकडे दुर्लक्ष करीत.

पहिली अडीच वर्षे मालिका कृष्णधवल होती. ऑस्ट्रेलियात १ मार्च १९७५ पासून रंगीत प्रसारणाचा अधिकृत प्रारंभ झाला. त्याच्या पूर्वतयारीचा भाग म्हणून १९७४ च्या उत्तरार्धापासून मालिकेचे चित्रीकरण रंगीत होऊ लागले.

इमारत आणि कथानकाची रचना

मालिकेतील इमारतीचा पत्ता '९६, लिंडसे स्ट्रीट, पॅडिंग्टन' असा होता आणि शीर्षक त्यावरूनच आले. पॅडिंग्टन हे सिडनीच्या मध्यवर्ती भागालगतचे खरे उपनगर आहे. बाह्यदृश्यांत दिसणारी प्रत्यक्ष इमारत मात्र शेजारच्या वुलारा या उपनगरात मंकर स्ट्रीटवर आहे.

तळमजल्यावर दुकाने होती. त्यांतील आल्डो गोडोल्फस याचे खाद्यपदार्थांचे दुकान आणि औषधांचे दुकान ही रहिवाशांच्या भेटीगाठींची ठिकाणे होती. पुढे त्यांत नॉर्मा आणि लेस व्हिटेकर यांच्या मद्यगृहाची भर पडली. वरच्या मजल्यांवर सदनिका होत्या. एखाद्या सदनिकेतील भांडण जिन्यात ऐकू येई, जिन्यातून ते दुकानात पोहोचे आणि दुकानातून तिखटमीठ लावून पुन्हा वरच्या मजल्यावर जाई. बातमीचा हा प्रवास हेच मालिकेतील कथनाचे प्रमुख साधन होते.

एकाच वेळी तीन-चार कथासूत्रे समांतर चालवली जात. त्यांतील एखादे गंभीर, एखादे प्रेमकथेचे, तर एखादे निव्वळ विनोदी असे. बलात्कारासारख्या प्रसंगाच्या पाठोपाठ डोरी एव्हान्सच्या भोचकपणाचे दृश्य येई. टीकाकारांना ही सरमिसळ अभिरुचीहीन वाटे, तर चाहत्यांना ती शेजाराच्या जीवनाशी सुसंगत वाटे.

प्रमुख पात्रे आणि कलावंत

डॉन फिनलेसन (जो हॅशम): तरुण वकील. अडचणीतील शेजारी सल्ल्यासाठी प्रथम त्याच्याकडे धाव घेतात.

डडली बटरफील्ड (चार्ड हेवर्ड): डॉनचा साथीदार. जुन्या चित्रपटांचा वेडा आणि स्वभावाने उत्साही.

डोरी एव्हान्स (पॅट मॅक्डोनाल्ड): इमारतीची देखरेख करणारी, प्रत्येकाच्या घरात डोकावणारी प्रौढ स्त्री. शब्दांची उलटापालट आणि "मला कोणी सांगितलं कसं नाही?" हे तिचे पालुपद विशेष लोकप्रिय झाले.

हर्ब एव्हान्स (रॉन शँड): डोरीचा सोशिक नवरा.

फ्लो पॅटरसन (बनी ब्रुक): डोरीची मैत्रीण आणि तिच्या उचापतींतील भागीदार.

आल्डो गोडोल्फस (जॉनी लॉकवुड): हंगेरीहून आलेला ज्यू दुकानदार.

रोमा (फिलिपा बेकर): आल्डोची दुसरी पत्नी.

नॉर्मा आणि लेस व्हिटेकर (शीला केनेली आणि गॉर्डन मॅक्डूगल): मद्यगृह चालवणारे जोडपे. लेस हा सतत नवनवीन उद्योगांच्या कल्पना काढत असे.

व्हेरा कॉलिन्स (इलेन ली): कपडे शिवणारी आणि पत्त्यांवरून भविष्य सांगणारी स्त्री. प्रेमात तिच्या वाट्याला वारंवार फसवणूक येते.

बेव्ह हॉटन (अ‍ॅबिगेल): डॉनच्या सदनिकेत राहणारी तरुणी. या भूमिकेमुळे अ‍ॅबिगेल देशभर प्रसिद्ध झाली. १९७३ मध्ये तिने मालिका सोडली.

ल्यूसी आणि आल्फ सटक्लिफ (एलिझाबेथ कर्कबी आणि जेम्स एलियट): इंग्लंडहून स्थलांतर केलेले श्रमिक वर्गातील जोडपे.

आर्नोल्ड फेदर (जेफ केविन): भिडस्त स्वभावाचा तरुण. मालिकेतील विनोदी प्रसंगांचा एक आधार.

जॅक सेलर्स (टॉम ऑलिव्हर): देखणा आणि खुशालचेंडू तरुण.

मॅगी कॅमेरॉन (बेटिना वेल्च): कारस्थानी, धनवान स्त्री.

चित्रणातील विषय

नग्नता आणि लैंगिकता

'आज रात्री ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणी आपले कौमार्य गमावणार' अशा आशयाची जाहिरात करून मालिकेचा आरंभ झाला. ती केवळ जाहिरात नव्हती. पहिल्या काही भागांतच नवऱ्याचा व्यभिचार, गर्भपात, तरुणीवरील हल्ला आणि उघड्या देहाची दृश्ये प्रेक्षकांसमोर आली. ऑस्ट्रेलियातील घरांच्या दिवाणखान्यात असे काही यापूर्वी आले नव्हते. ओझरत्या स्वरूपाची असली, तरी ही दृश्ये वृत्तपत्रांतून सतत चर्चेत राहिली.

समलिंगी पात्र

मालिकेच्या आरंभीच्या काळात डॉन समलिंगी असल्याचे उघड होते. त्याच्यासोबत राहणाऱ्या आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या बेव्हला हे सत्य पचवावे लागते. त्या काळी पडद्यावर असे पात्र आलेच, तर ते हास्यास्पद, विकृत किंवा अखेरीस मरण पावणारे असे. डॉन यांपैकी काहीच नव्हता. तो सुशिक्षित, संयमी आणि विश्वासू होता. शेजारी त्याच्यासमोर आपली गुपिते उघडी करीत. त्याच्या प्रेमातील आनंद आणि विरह हे इमारतीतील इतरांच्या प्रेमप्रकरणांच्याच पातळीवर रंगवले गेले. मालिकेच्या शेवटापर्यंत हे पात्र कायम राहिले.

या चित्रणाचे मोल त्या काळच्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. मे १९७२ मध्ये, म्हणजे मालिका सुरू झाल्यानंतर दोन महिन्यांनी, अ‍ॅडलेड येथे जॉर्ज डंकन या विधी विषयाच्या प्राध्यापकाचा टॉरन्स नदीत बुडून मृत्यू झाला. समलिंगी पुरुषांच्या भेटीचे ठिकाण म्हणून परिचित असलेल्या काठावरून त्याला पाण्यात ढकलण्यात आले होते. या घटनेने देश हादरला आणि साउथ ऑस्ट्रेलियात कायदाबदलाला चालना मिळाली. त्या राज्याने १९७५ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून पूर्णतः वगळले. व्हिक्टोरियाने ते १९८० मध्ये, न्यू साउथ वेल्सने १९८४ मध्ये आणि टास्मानियाने १९९७ मध्ये वगळले. याचा अर्थ असा, की मालिकेतील पत्त्यावर जर डॉन खरोखरच राहत असता, तर हा कायद्याचा जाणकार स्वतःच्या घरात कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरला असता. प्रेक्षक मात्र आठवड्यातून पाच रात्री त्याच्या सुखाची काळजी करीत होते.

पारलिंगी पात्र

१९७३ मध्ये रॉबिन रॉस हे पात्र मालिकेत आले. आर्नोल्ड फेदर तिच्या प्रेमात पडतो आणि नंतर ती पारलिंगी स्त्री असल्याचे त्याला कळते. ही भूमिका सिडनीच्या किंग्ज क्रॉस भागातील 'ले गर्ल्स' या रंगमंचीय कार्यक्रमाची प्रसिद्ध कलावती कार्लोटा हिने केली. रहस्य अगोदर फुटू नये म्हणून श्रेयनामावलीत तिचे वेगळे नाव देण्यात आले. पारलिंगी पात्राची भूमिका पारलिंगी व्यक्तीनेच करण्याचे दूरचित्रवाणीवरील हे अगदी आरंभीचे उदाहरण होय.

स्थलांतरित आणि आदिवासी

आल्डो हा मध्य युरोपातील ज्यू, तर सटक्लिफ दांपत्य इंग्लंडचे. 'श्वेत ऑस्ट्रेलिया' धोरणाचे शेवटचे अवशेष १९७३ मध्ये दूर करण्यात आले. त्या काळात वेगळ्या उच्चारांत बोलणारा दुकानदार हा मालिकेचा मध्यवर्ती आणि लाडका माणूस असणे ही साधी गोष्ट नव्हती. १९७६ मध्ये आदिवासी अभिनेत्री जस्टिन सॉन्डर्स हिने रोंडा जॅक्सन या केशरचनाकार तरुणीची भूमिका केली. आदिवासी स्त्री शहरातील एक नोकरदार रहिवासी म्हणून दैनंदिन मालिकेत दिसण्याची ही दुर्मीळ घटना होती.

हिंसा आणि रहस्य

लोकप्रियता टिकवण्यासाठी मालिकेने खूनसत्रांचाही आधार घेतला. १९७४ मधील 'पँटीहोज स्ट्रँगलर' हे कथासूत्र विशेष गाजले. स्त्रियांच्या लांब मोज्याने गळा आवळून खून करणारी व्यक्ती कोण, या प्रश्नावर प्रेक्षक तर्क लढवत राहिले. अखेरीस खुनी ट्रेसी विल्सन ही तरुणी असल्याचे उघड झाले. ती भूमिका शँटाल काँटूरी हिने केली होती.

स्त्रियांवरील हिंसेचे चित्रण ही मालिकेची सर्वांत दुबळी बाजू मानली जाते. व्हेरासारख्या पात्रावर वारंवार अत्याचार दाखवण्यात आले आणि पुष्कळदा त्यांचा उपयोग केवळ कथानकाला धक्का देण्यासाठी झाला. समलिंगी पुरुषाला समजुतीने रंगवणारी हीच मालिका स्त्रीच्या वेदनेकडे तितक्या गांभीर्याने पाहत नव्हती, हा आक्षेप निराधार नाही.

नियमन आणि प्रतिक्रिया

त्या काळी व्यापारी वाहिन्यांवर ऑस्ट्रेलियन प्रसारण नियंत्रण मंडळाची देखरेख असे. केवळ प्रौढांसाठीचे कार्यक्रम रात्री साडेआठनंतरच दाखवता येत. मालिकेला हीच वेळ देण्यात आली. धार्मिक आणि नीतिवादी गटांनी तिच्याविरुद्ध आवाज उठवला आणि काही दृश्यांना कात्री लागली. परंतु प्रत्येक वादानंतर प्रेक्षकांचे कुतूहल वाढतच गेले.

समीक्षकांनी मालिकेला सुमार अभिनय, स्वस्त देखावे आणि भडकपणा यांबद्दल नावे ठेवली. १९७७ च्या आरंभी नियंत्रण मंडळाची जागा नव्या प्रसारण न्यायाधिकरणाने घेतली. तोवर मालिका अखेरच्या टप्प्यात आली होती.

लोकप्रियता

मालिकेने ०-१० नेटवर्कचे नशीब पालटले. आर्थिक संकटात असलेला हा समूह तिच्या बळावर सावरला. रहिवाशांची नावे घराघरांत पोहोचली. १९७४ मध्ये पॅट मॅक्डोनाल्ड हिला ऑस्ट्रेलियन दूरचित्रवाणीतील सर्वोच्च मानला जाणारा गोल्ड लोगी पुरस्कार मिळाला. नग्नतेसाठी गाजणाऱ्या मालिकेतील सर्वांत लाडके पात्र एक प्रौढ, भोचक आणि आब राखू पाहणारी गृहिणी ठरले, हे लक्षणीय आहे.

लोगी पुरस्कारांच्या समारंभासाठी कलावंत सिडनीहून मेलबर्नला खास रेल्वेगाडीने जात. वाटेतील स्थानकांवर त्यांना पाहण्यासाठी लोक गर्दी करीत. १९७४ मध्ये त्याच समूहावर दूरचित्रवाणी केंद्रातील अंतर्गत जीवनावरची 'द बॉक्स' ही दुसरी प्रौढ मालिका सुरू झाली. 'नंबर ९६' च्या यशाने तिचा मार्ग मोकळा केला होता.

१९७५ चा बॉम्बस्फोट

१९७५ पर्यंत प्रेक्षकसंख्या घटू लागली. मालिकेला नवी उभारी देण्यासाठी निर्मात्यांनी एक जहाल उपाय योजला. शुक्रवार, ५ सप्टेंबर १९७५ रोजी प्रसारित झालेल्या भागात इमारतीच्या तळमजल्यावर बॉम्बचा स्फोट झाला. या स्फोटात आल्डो, रोमा, लेस व्हिटेकर आणि मिस हेमिंग्वे (डेबोरा ग्रे) ही चार पात्रे मरण पावली. पुढे बॉम्ब ठेवणारी व्यक्ती मॅगी कॅमेरॉन असल्याचे निष्पन्न झाले. तिची रवानगी तुरुंगात झाल्याने आणखी एक जुने पात्र मालिकेतून गेले.

स्फोटाने प्रचंड खळबळ माजवली. पण तिचा लाभ अल्पकाळच टिकला. आल्डो, रोमा आणि लेस हे रहिवाशांना एकत्र आणणारे दुकानदार होते. त्यांच्याबरोबर शेजारपणाचा मोठा आधारही नाहीसा झाला. एकाच आपत्तीत अनेक पात्रे संपवण्याची ही क्लृप्ती नंतर अन्य देशांतील मालिकांतही दिसली. ब्रिटनमधील 'एमरडेल' या मालिकेतील १९९३ चा विमान अपघात हे त्याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे.

चित्रपट

मालिका लोकप्रियतेच्या शिखरावर असताना १९७४ मध्ये त्याच नावाचा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शन पीटर बेनार्डोस यांनी केले. मालिका तेव्हा कृष्णधवल असल्यामुळे प्रेक्षकांना आपली परिचित माणसे प्रथमच रंगात पाहता आली. डोरी आणि हर्ब यांच्या विवाहाच्या कागदपत्रांतील घोळ हे त्यातील विनोदी सूत्र होते. समीक्षकांनी चित्रपटाची फारशी दखल घेतली नाही; मात्र अत्यंत कमी खर्चात तयार झालेल्या या चित्रपटाने खर्चाच्या कित्येक पट उत्पन्न मिळवले.

अखेर

१९७६ मध्ये मालिकेने एक हजार भागांचा टप्पा ओलांडला. त्यानिमित्ताने तिच्या वाटचालीवर एक विशेष माहितीपटही प्रसारित झाला. त्यानंतर मात्र घसरण थांबली नाही. नवी पात्रे, अधिक हिंसा आणि अधिक नग्नता असे उपाय करून पाहण्यात आले. परंतु पाच वर्षांपूर्वी धक्का देणाऱ्या गोष्टी आता प्रेक्षकांच्या अंगवळणी पडल्या होत्या. मालिकेने ज्या मर्यादा ओलांडल्या, त्या ओलांडण्याचे नावीन्य तिच्यामुळेच संपले होते.

११ ऑगस्ट १९७७ रोजी शेवटचा भाग प्रसारित झाला. त्याच्या अखेरीस जुन्या-नव्या कलावंतांनी नाटकाच्या प्रथेप्रमाणे रंगमंचावर येऊन प्रेक्षकांचा निरोप घेतला.

मालिकेनंतर कलावंतांचे मार्ग वेगवेगळे झाले. एलिझाबेथ कर्कबी १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियन डेमोक्रॅट्स या पक्षातर्फे न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेवर निवडून आल्या आणि १९९८ पर्यंत सदस्य राहिल्या. जो हॅशम पुढे मलेशियात स्थायिक झाले. क्वालालंपूर येथील 'द अ‍ॅक्टर्स स्टुडिओ' या नाट्यसंस्थेच्या संस्थापकांपैकी ते एक होत.

अमेरिकन आवृत्ती

डिसेंबर १९८० मध्ये अमेरिकेतील एनबीसी वाहिनीने याच नावाची मालिका सुरू केली. अमेरिकन व्यापारी दूरचित्रवाणीच्या मर्यादांमुळे मूळ मालिकेतील नग्नता आणि स्पष्टपणा तिच्यात नव्हता. ती प्रेक्षकांना भावली नाही आणि जानेवारी १९८१ मध्ये, काही आठवड्यांतच बंद पडली.

जतन

मालिकेचा अभ्यास करू पाहणाऱ्यांपुढे एक मोठी अडचण आहे. सुरुवातीच्या कृष्णधवल कालखंडातील बहुतेक भाग आज उपलब्ध नाहीत. त्या काळी चित्रफीत महाग असे आणि एकदा प्रसारण झाले, की तीच फीत पुसून पुन्हा वापरण्याची प्रथा होती. रंगीत प्रसारण सुरू झाल्यावर कृष्णधवल भागांना पुनःप्रसारणाचे मूल्यही उरले नाही. या कालखंडातील जेमतेम काही मोजके भाग शिल्लक आहेत. नंतरचे रंगीत भाग मात्र मोठ्या प्रमाणावर टिकून असून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट व ध्वनी संग्रहालयात मालिकेचे साहित्य जतन करण्यात आले आहे. चित्रपट आणि निवडक कथासूत्रे एकविसाव्या शतकात डीव्हीडी स्वरूपात प्रकाशित झाली.

परिणामी डॉनचे सत्य उघड होणे, बेव्हचा काळ आणि मालिकेचा ऐन बहर यांविषयीची माहिती मुख्यतः संहिता, छायाचित्रे, वृत्तपत्रीय मजकूर आणि कलावंतांच्या आठवणी यांवरून मिळवावी लागते. ज्या प्रसंगांनी इतिहास घडवला म्हणतात, त्यांपैकी अनेक आज पाहता येत नाहीत.

मूल्यमापन आणि प्रभाव

व्यापारी वाहिनीवर आठवड्यातून पाच रात्री स्थानिक मालिका चालू शकते आणि ती परदेशी कार्यक्रमांवर मात करू शकते, हे 'नंबर ९६' ने सिद्ध केले. तिच्यामुळे लेखक, तंत्रज्ञ आणि नट यांना सलग काम मिळाले आणि दैनंदिन मालिकेच्या निर्मितीचे तंत्र देशात रुजले. 'द रेस्टलेस इयर्स' (१९७७) आणि 'प्रिझनर' (१९७९) या मालिका त्याच वाहिनीसमूहावर पुढे आल्या. १९८५ मध्ये सुरू झालेल्या 'नेबर्स' या मालिकेने शेजाराची कल्पना सर्व कुटुंबाला एकत्र बसून पाहता येईल अशा सौम्य रूपात जगभर नेली.

मालिकेविषयीचे मत काळानुसार बदलले आहे. समकालीन टीकाकारांनी तिला सवंग करमणूक मानले. पुढील काळातील अभ्यासकांनी तिच्यातील सामाजिक आशयाकडे लक्ष वेधले. या दोन्ही मतांना आधार आहे. तिची नग्नता हे प्रेक्षक खेचण्याचे साधन होते आणि तिच्या लेखनातील घाई लपत नाही. परंतु समलिंगी वकील, पारलिंगी तरुणी, ज्यू दुकानदार आणि आदिवासी नोकरदार स्त्री यांना तिने समस्या म्हणून समोर न ठेवता एकाच जिन्याने ये-जा करणारी माणसे म्हणून ठेवले. कायद्याने त्यांपैकी काहींना मान्यता देण्याच्या कित्येक वर्षे आधी प्रेक्षकांना त्यांची शेजारी म्हणून सवय झाली होती.

हेही पाहा

कोरोनेशन स्ट्रीट
नेबर्स
द बॉक्स (दूरचित्रवाणी मालिका)
लोगी पुरस्कार
ऑस्ट्रेलियातील दूरचित्रवाणी